मी काय म्हणालो ते परत सांग

बाबा, सिटी ऑफिसने दिलेल्या कचऱ्याच्या पुस्तिकेत तुमच्या रेडिओ-स्कॅनरसाठी ओळ नाही. सगळी पुस्तिका पालथी घातली मी. केस वाळवायचं यंत्र आहे, छत्री आहे, माशांची काचेची टाकी आहे. साधा रेडिओ 'छोट्या विद्युत उपकरणांत' येतो. तो सिटी ऑफिसच्या दारातल्या पेटीत टाकायचा, पण आधी बॅटरी काढायची आणि ती दुकानातल्या वेगळ्या डब्यात नेऊन द्यायची. तुमचे जुने चष्मे 'न जळणाऱ्या'त. कवळीचं अजून विचारायचं आहे. विचारायचं कुणाला, हाच प्रश्न आहे, कारण या घरात कचऱ्याचं खातं तुमच्याकडे होतं. मंगळवारी काय आणि शुक्रवारी काय, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं नाही ते तुम्हाला दोन आठवड्यांत झालं होतं.

उद्या तेरावा. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगणार, निखिल इथे करणार. दर्भ मिळाला नाही, त्यावर गुरुजी म्हणाले चालेल. सध्या सगळंच चालतंय. तुमचं रेसिडेन्स कार्ड परत केलं, विम्याचं कार्ड परत केलं, प्रत्येक खिडकीवर वाकून आभार मानले. स्मशानात जागा मिळायला सहा दिवस लागले आणि त्या सहा दिवसांत मी दोनदा ऑफिसलाही जाऊन आले. मी दमले आहे, बाबा. रडायला जी थोडीफार ताकद लागते ती फॉर्म भरण्यात जाते.

पण आज तुमच्याशी बोलायला बसले आहे, कारण तुमच्या नातीने, ईराने बसवलं आहे. ते नंतर सांगते.

तुम्ही इथे आलात तेव्हा तुमच्या कानाला रिकामपण सोसत नव्हतं. नाशिकला पोलीस वायरलेसमध्ये बत्तीस वर्षं हेडफोन लावून बसलेला माणूस. आई गेल्या, निखिल एकुलता एक, म्हणून त्याने दोन वर्षं खेटे घालून तुमचा व्हिसा मिळवला आणि तुम्हाला जपानला, चिबातल्या या भाताच्या शेतांकडच्या घरात आणलं. टोकियोला लागून असलेल्या उरायासुला आपली भारतीय माणसं होती, पण तिथलं भाडं झेपेना म्हणून आम्ही ट्रेनने आणखी चाळीस मिनिटं आत सरकलो होतो. निखिल सकाळी साडेसहाला कावासाकीला कामाला निघायचा. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून बाल्कनीबाहेर बघायचात. एके दिवशी डोक्यावरून लाल-पांढरं हेलिकॉप्टर गेलं आणि ईरा म्हणाली, "दोकुता-हेरी!" डॉक्टरला घेऊन पेशंटकडे जाणारं हेलिकॉप्टर. त्या रात्री जेवताना तुम्ही निखिलला एवढंच विचारलंत, "हे हेलिकॉप्टरवाले बोलतात कशावर रे?"

मग टोकियोच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची, अकिहाबाराची वारी. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने दुसऱ्यांचं वायरलेसवरचं बोलणं पकडणारा सेकंडहँड स्कॅनर तुमच्या हातात दिला आणि निखिलमार्फत बजावलं, की ऐकायला हरकत नाही, पण जे ऐकाल ते कुणाला सांगायचं नाही आणि त्याचा उपयोगही करायचा नाही, इथला कायदाच तसा आहे. तुम्ही खो खो हसलात. "म्हणजे आमचीच नोकरी की!" म्हणालात. तो दुकानदारही हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

तुमची जपानी त्या डब्यातून आली. मला तिच्यासाठी क्लास लावावा लागला, परीक्षा द्याव्या लागल्या. तुम्ही एका कानात इअरफोन घालून लसूण सोलत बसायचात आणि शब्द वहीत देवनागरीत उतरवायचात. रिरिकु म्हणजे उडालं, चाकुरिकु म्हणजे उतरलं. ईरा शाळेतून आली की तिची शिकवणी. "सान्सुई म्हणजे काय गं?" ती सांगायची, पाणी मारणं. हेलिकॉप्टर मैदानात उतरायच्या आधी आगीचा बंब येऊन मातीवर पाणी मारतो, धूळ उडू नये म्हणून. तुम्हाला ते फार आवडलं होतं. "बघ, कुणी मरणाच्या दारात असलं तरी आधी अंगणात सडा," असं म्हणाला होतात आणि लगेच लसणाकडे वळलात. ते घरातल्या घरात बोललेलंही तुम्हाला जास्त वाटलं असावं.

कारण एरवी तुम्ही एक अक्षर सांगायचा नाहीत. वही टेबलावर उघडीच असायची. तिच्यात फक्त वेळ आणि वारा. ९.४० रिरिकु. १०.०५ चाकुरिकु. वारा दक्षिण. गाव नाही, वय नाही, काय झालं ते नाही. कधी लसूण सोलता सोलता तुमचे हात थांबायचे. "काय झालं, बाबा?" "काही नाही. वारा जास्त आहे." आणि मग हात पुन्हा सुरू.

दुसरी तुमची सवय म्हणजे परत म्हणवून घेणं. निरोप दिला म्हणजे काम झालं असं तुम्ही मानायचा नाहीत. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, आपण "बरोबर" म्हणायचं, मग निरोप पोचला. मी स्टेशनवरून फोन केला की तुम्ही सांगायचात, "येताना दही, ब्रेड, आणि ईराच्या फॉर्मवर शिक्का मारायचाय. काय म्हणालो?" ईराला हा खेळ वाटायचा. ती घडाघडा म्हणायची आणि तुमचं "बरोबर" मिळवायची. मी वैतागायचे. "बाबा, मी काय तुमची कॉन्स्टेबल आहे का?" "कॉन्स्टेबल बरी," तुम्ही म्हणायचात, "ती दही विसरत नव्हती."

आपलं पहिलं भांडण स्विमिंग क्लासवरून झालं. ईराच्या क्लाससमोरच्या बागेत हेलिकॉप्टर उतरलं होतं, भर दुपारी, ती पाण्यात असताना. मला ते संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये दुसऱ्या एका आईकडून कळलं. तिला वाटलं मला माहीत असणारच. घरी येऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले. "तुम्ही ऐकलं होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही?"

"ईराचं काही नव्हतं त्यात."

"ते मी ठरवीन ना, बाबा! मी दीड तास लांब असते. माझी मुलगी तिथे होती."

तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, "मृणाल, ऐकलेलं सांगायचं नसतं. सांगणारा नीट सांगतो, पण ऐकणारा काय करेल ते सांगणाऱ्याच्या हातात राहत नाही." मला ते भाषण वाटलं. मी म्हटलं, शाळेचं काही असेल तर नियमबियम गुंडाळून ठेवायचा आणि मला फोन करायचा, नाहीतर तो डबा घरात नको. तुमच्या वयाच्या माणसाशी मी अशी बोलले. तुम्ही इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळलीत. मग म्हणालात, "ठीक आहे. करीन." तुम्ही माझ्यासाठी नियम मोडायला तयार झालात, हे मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तो दिवस मी निखिललासुद्धा नीट सांगितलेला नाही. टोकियोतल्या ऑफिसात माझा चौथा महिना होता, अजून प्रोबेशन चालू. आठ वर्षं डिपेंडंट व्हिसावर काढून, बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या कारखान्यात पार्टटाइम काम करून, शेवटी टेस्टिंगचं काम मिळालं होतं. माझ्या वरिष्ठ तानाका-सान समोर बसून माझा रिपोर्ट तपासत होत्या. अकराच्या सुमारास तुमचा फोन आला. तुमचा तो वायरलेसचा आवाज, एका पट्टीतला, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. "मृणाल, नीट ऐक. ईराच्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरतंय. पेशंट बाहेरचा आहे, अँब्युलन्स त्याला तिथे आणतेय. मुलं वर्गात आहेत. घाबरू नकोस. आता मी काय म्हणालो ते परत सांग."

मी परत सांगितलं नाही. खरं तर 'शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर' एवढं कानावर पडलं आणि पुढचं सगळं नुसता आवाज होता. मी फोन कापला. आणि ईराच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर, माझ्या मोडक्या जपानीत, लिहिलं: शाळेत मुलाला अपघात झाला आहे, दोकुता-हेरी येत आहे, जवळ असेल तिने कृपया जावं.

मुलाला. तुम्ही मुलांचं नाव काढलं होतं ते फक्त 'वर्गात आहेत' म्हणायला.

पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुम्ही ते ऐकत होता. शाळेच्या गेटवर आयांची गर्दी झाली, सायकली आडव्या पडल्या, कुणी गाडी गेटातच सोडून आत पळाली. सगळी मुलं वर्गात होती आणि खिडकीतून हेलिकॉप्टर बघत होती. ज्याच्यासाठी ते आलं होतं तो पेशंट, कुणी तरी, कुठून तरी, अँब्युलन्समध्ये गेटाबाहेर अडकला होता. एक मिनिट? पाच मिनिटं? मला माहीत नाही. मी तेव्हा ट्रेनमध्ये उभी होते आणि ग्रुपवर एकामागून एक मेसेज येत होते: कुठलं मूल? कुठल्या वर्गातलं?

दुसऱ्या दिवशी आपल्याला शाळेत बोलावलं. क्योतो-सेन्सेई, म्हणजे ते उपमुख्याध्यापक, अगदी हळू बोलत होते. इथे माणूस जितका हळू बोलतो तितकं प्रकरण मोठं असतं. त्यांनी विचारलं, ही बातमी कशी आली? आणि मी म्हटलं, सासऱ्यांनी सांगितलं. ते रेडिओ ऐकतात. वय झालंय, त्यांना जपानी नीट कळत नाही, त्यांची समजण्यात चूक झाली.

बाबा, तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. तुम्हाला सगळं कळलं. तुमची जपानी तेवढी नक्कीच होती, आणि हे मला बोलताना माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर मी कदाचित तिथेच कबूल केलं असतं. पण तुम्ही असं पाहिलंत की जणू मीच पडले होते आणि कुठे लागलंय ते तुम्ही बघत होता. मग उठलात, कमरेतून वाकलात आणि म्हणालात, "मोउशिवाके अरिमासेन." माझ्या तोंडातून येते त्याहून स्वच्छ माफी होती ती.

मी असं का केलं याची कारणं मी इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली आहेत. प्रोबेशन होतं. त्या ग्रुपमध्ये मला घ्यायलाच तीन वर्षं लागली होती, तिथली मी एकटी परदेशी आई. ईराला इथेच वाढायचं होतं. सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की मला वाटलं, तुम्हाला काय फरक पडतो? म्हातारा माणूस, त्याच्याकडे गमावण्यासारखं काय आहे?

होतं की. शाळेच्या रस्त्यावरच्या चोवीस तास उघड्या कोन्बिनी दुकानाजवळ तुम्ही रोज सकाळी पिवळं जॅकेट घालून, पिवळा झेंडा धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायचात. शाळेने ते काम तुम्हाला दिलं होतं. सगळी पोरं तुम्हाला झेंडेवाले आजोबा म्हणायची. त्या मीटिंगनंतर आठवड्याभरात शाळेचं पत्र आलं, की आपण आता विश्रांती घ्यावी. तुम्ही जॅकेट धुतलंत, इस्त्री केलंत आणि स्वतः नेऊन दिलंत. पोरांनी तुमचं नाव बदलून 'हेरी-जीजी', म्हणजे हेलिकॉप्टरवाला म्हातारा, केलं, आणि आठ वर्षांच्या ईराने एक दिवस दप्तर काढता काढता जपानीत तुम्हाला सांगितलं, उद्यापासून मला घ्यायला कोपऱ्यावर थांबू नका. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं. मी नळ मोठा केला.

स्कॅनर तुम्ही शाळेतल्या त्या गोंधळाच्या दिवशीच बंद केला होतात. मी टेबल पुसताना वही पाहिली. त्या पानावर पहिल्यांदाच वेळ आणि वारा सोडून काही लिहिलं होतं: "सांगितलं. नियम मोडला. चूक माझी." मी वही उचलली, खालून फडकं फिरवलं आणि जागेवर ठेवली. तुम्ही सोफ्यावर पेपर वाचत होता. मी वाचलं हे तुम्हाला कळलं असणारच, वही उघडी ठेवणारे तुम्हीच.

मग अडीच वर्षं आपण दोघं छान वागलो. यापेक्षा वाईट काय सांगू? तुम्ही माझा डबा भरलात, मी तुमच्या गोळ्या आणल्या. वहीत तुम्ही पुढेही लिहीत राहिलात, पण कानाने नाही. "११.१०. दिसलं." "२.३५. दिसलं. लवकर परतलं." एकदाच मी धीर केला. तुम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होता, मी क्लिपा देत होते. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशीचा तो पेशंट... वाचला का?"

तुम्ही निखिलचा शर्ट झटकलात, नीट ओढून तारेवर घातलात. म्हणालात, "ऐकलेलं सांगायचं नसतं, मृणाल."

हा नियम होता की दया होती, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही. तो वाचला असता तर तुम्ही सांगून टाकलं असतंत, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, नाही, एकदा मोडलेला नियम तुम्ही पुन्हा मोडला नसता, चांगल्या बातमीसाठीसुद्धा नाही. मला तुमचा राग येतो, बाबा. खरंच येतो. तुम्ही मला ओरडायला हवं होतं. एवढा समजूतदारपणा माणसाने दुसऱ्याच्या अंगावर टाकून जाऊ नये.

हॉस्पिटलात तुमची खोली पाचव्या मजल्यावर आणि गच्चीवर हेलिपॅड. निखिल म्हणाला, बाबांना बरं वाटेल. फुप्फुसात पाणी, तोंडावर मास्क, बोलणं जवळजवळ बंद, पण डोक्यावर आवाज आला की तुमचं बोट वर जायचं. भेटीची वेळ वीस मिनिटं. शेवटच्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकून दुपारी एकटी आले. ठरवून आले होते. ट्रेनमध्ये वाक्य जुळवलं होतं. खुर्ची जवळ ओढून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही फोनवर..." आणि नेमकं हेलिकॉप्टर आलं. तुम्ही हात वर केलात. थांब, ऐक. काच थरथरत होती आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता, चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटल्याची खूण. मी थांबले. आवाज थांबेपर्यंत नर्स आली आणि वेळ संपल्याचं सांगून वाकली. मी उद्या सांगीन म्हणून निघाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

अस्थी उचलताना इथल्या रीतीप्रमाणे दोघांनी मिळून लांब चॉपस्टिकने एकेक हाड मडक्यात ठेवायचं असतं. निखिलबरोबर मी उचललं, मग ईरा पुढे आली. अकरा वर्षांची झालीय. तिने एकही तुकडा निसटू दिला नाही.

काल दुपारी मी कचऱ्याची पुस्तिका घेऊन बसले होते तेव्हा तिने स्कॅनर उचलला. "कोरे, सुतेरु नो?" म्हणाली. हा टाकणार? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते जमेना. मी तिला सगळं सांगितलं. फोनवर तुम्ही काय म्हणालात, मी काय लिहिलं, शाळेत मी काय बोलले. मराठीत सुरू केलं, अर्ध्यात मराठी पुरेना, तिच्या भाषेत सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकायला तुम्ही शिकवलं आहे तिला.

मग ती म्हणाली, "ओजीचान, माचिगात्ते नाकात्तान दा." म्हणजे आजोबांचं चुकलं नव्हतं. तिने ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा स्वतःशीच. आणि मग ती रडली, माझ्यावर न रागावता, कोपऱ्यावर थांबू नका म्हटलं होतं त्यासाठी. ते ओझं मी तिच्या अंगावर टाकलं होतं आणि ती ते दप्तरासारखं वागवत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात बाजूला केला.

खरं काय घडलं ते ग्रुपवर लिहायचा मजकूर आम्ही दोघींनी तयार केला. तो ग्रुप अजून आहे, आता फक्त पीटीएच्या पाळ्या ठरवायला. माझ्या चुका तिने सुधारल्या. मी पाठवणार तेवढ्यात तिने फोनवर हात ठेवला आणि तिच्या त्या मराठीत विचारलं, "आजोबाला बोलली तू?"

"ते आता नाहीत, राजा."

"देमो, पण आधी त्यांना बोल."

म्हणून बसले आहे, बाबा. ईरा समोर आहे, तुमच्या खुर्चीत. स्कॅनरची बॅटरी चार्जिंगला लावली आहे तिने. आता स्कॅनर ती ऐकणार म्हणते. मी म्हटलं, ऐक, पण सांगायचं नाही. तिने मान हलवली, तुमच्यासारखी, मला हे कशाला सांगतेस अशी.

आता नीट ऐका. ईराच्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरतंय. पेशंट बाहेरचा आहे, अँब्युलन्स त्याला तिथे आणतेय. मुलं वर्गात आहेत. घाबरू नकोस.

असंच म्हणाला होता ना तुम्ही?